ताई, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं तर आमचे डॉक्टर चिडतील का?

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकात घेते. तिघांनाही उत्तर त्याच वेळी फोनवर कळवलंय, इथं छापतेय ते बाकीच्यांसाठी. नवीन वाचकांना एवढंच सांगते की मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर म्हणून २२ वर्षं काढली, म्हणजे डॉक्टर राऊंड घेऊन गेले की नातेवाईक जे काही विचारतात ते सगळं माझ्या टेबलावर यायचं. औषध मी सांगणार नाही, कुणाला काय विचारायचं ते सांगीन.

पत्र पहिलं

ताई नमस्कार, मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आई ५६ वर्षांची, तीस वर्षं बिड्या वळल्या तिनं. गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला तिनं माझ्या बायकोला छातीतली गाठ दाखवली, त्याच्या आधी किती महिने होती कुणास ठाऊक, विचारलं तर म्हणते दुखत नव्हती मग काय सांगायचं. बायोप्सीत कॅन्सर निघाला, काखेत पण गाठी आहेत म्हणाले. इथंच एका हॉस्पिटलात फुले योजनेतून केमो चालू आहे, दोन झाले, तिसरा बारा दिवसांवर आलाय. आठ केमो आणि मग ऑपरेशन असं डॉक्टरांनी सांगितलंय. आता पुण्यातला चुलतभाऊ म्हणतोय गाठ आहे तर आधी कापून काढायची सोडून केमो कशाला, पैसे काढायचे धंदे आहेत सगळे. मामा म्हणतोय गाडी कर आणि सरळ टाटाला ने. बायको म्हणते डॉक्टर चांगले आहेत, त्यांना कळलं तर आईकडं लक्ष देणार नाहीत. मला तर रात्रीची झोप नाही ओ. डॉक्टरला सांगून जायचं का न सांगता, आणि मुंबईला नेलं तर इथली योजना बंद पडेल का? रिपोर्टचा फोटो पाठवलाय. आईला आम्ही फक्त गाठ आहे एवढंच सांगितलंय.
– एक मुलगा, सोलापूर

भाऊ, आधी चुलतभावाचं घेते, कारण झोप त्यानं उडवलीय. गाठ मोठी असली किंवा काखेत पसरलेली असली तर आधी केमो देऊन ती लहान करायची आणि मग ऑपरेशन करायचं, ही ब्रेस्ट कॅन्सरमधली जगभर चालणारी पद्धत आहे, त्यात एक फायदा असा की गाठ आकसली तर काही बायकांचं पूर्ण स्तन काढावं लागत नाही, आणि दुसरा असा की हे औषध या गाठीला लागू पडतंय का नाही ते डोळ्यांनी दिसतं. गाठ आधीच काढून टाकली तर हे कळायला जागाच राहत नाही. तेव्हा नुसत्या "आधी केमो का" एवढ्यावरून तुमच्या डॉक्टरांवर संशय घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. चुलतभावाला म्हणावं एवढी काळजी आहे तर एक दिवस रजा टाकून ये आणि केमोच्या खुर्चीशेजारी बस.

पण तुम्ही पाठवलेला रिपोर्टचा फोटो मी मोठा करून बघितला आणि माझं बोट एका ओळीवर थांबलं. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, आणि खाली हर-टू २+. ईआर, पीआर म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का ते, आणि हर-टू म्हणजे पेशी वाढवणारं एक प्रथिन गाठीत जास्त आहे का ते. हे २+ म्हणजे धड हो नाही आणि धड नाही पण नाही. ० किंवा १+ आलं तर हर-टू निगेटिव्ह धरतात, ३+ आलं तर पॉझिटिव्ह, आणि २+ आलं तर त्याच तुकड्यावर फिश नावाची आणखी एक टेस्ट करून निकाल लावायचा असतो. तुमच्या रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात तसा सल्ला लिहिलेला पण आहे. ती टेस्ट झाली का? झाली असेल तर रिपोर्ट फाईलला का नाही, आणि झाली नसेल तर कधी करायची, हा तुमचा खरा प्रश्न आहे भाऊ, टाटा का सोलापूर हा नाही.

कारण फिश पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅब नावाचं वेगळं औषध यात येतं, साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी चालतं, पूर्वी ते ऐकूनच लोक उठून जायचे पण आता भारतीय कंपन्यांची मिळतात म्हणून किंमत खाली आलीय. आणि फिश निगेटिव्ह आली तर तीनही निगेटिव्ह, म्हणजे ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात ते, त्याचा औषधांचा विचार वेगळा असतो आणि घरातल्या बहिणी, मुलींच्या दृष्टीनं जनुकाची तपासणी पण विचारून घ्यावी लागते. घाबरू नका, उशीर झालेला नाही. आईला आत्ता ते लाल औषध चालू असेल, ज्याच्या नंतर लघवी लाल होते म्हणून बायका घाबरतात तेच, तर हर-टूचं औषध बहुतेक वेळा त्या लाल औषधासोबत देतच नाहीत, केमोच्या दुसऱ्या टप्प्यात चालू करतात. म्हणजे हातात अजून वेळ आहे. पण महिना नाही.

आता डॉक्टर चिडतील का. बहुतेक चिडत नाहीत. कॅन्सरच्या डॉक्टरला हे नवीन नसतं, कित्येक जण स्वतःच म्हणतात की जाऊन या आणि निवांत व्हा. चिडतात ते लपवलं म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, एका घरानं गुपचूप दुसरीकडं दाखवलं, तिथल्यांनी एक गोळी वाढवून दिली, इथं कुणाला पत्ता नाही, आणि पुढच्या केमोला पांढऱ्या पेशी एवढ्या खाली की डॉक्टर डोकं धरून बसले. त्यामुळं सांगूनच जायचं. आणि सांगताना "आमचा विश्वास उडालाय" अशा तोंडानं जायचं नाही, असं म्हणायचं, "सर, घरातली सगळी म्हणायलेत एकदा मोठ्या ठिकाणी कागद दाखवून या, आईची ट्रीटमेंट तुमच्याकडंच ठेवायचीय, तर कुठले कागद नेऊ आणि तिथं काय विचारू ते तुम्हीच सांगा की." आणि याच वेळी हळूच फिशचं पण विचारून घ्या. कदाचित सर खण उघडून रिपोर्टच काढून देतील आणि तुमच्या गाडीभाड्याचे पैसे वाचतील.

समजा नाहीच जमलं, एखादा डॉक्टर म्हणालाच की जायचं तर फाईल घेऊन कायमचं जा, तर हक्क तुमच्या बाजूनं आहे हे माहीत असू द्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णांच्या हक्कांची सनद केली त्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क लिहिलेला आहे, आणि मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं असं आहे. अर्ज दोन प्रतीत करा आणि एकीवर शिक्का घ्या. पण हे कलम पहिल्याच वाक्याला काढू नका, खिशात ठेवा.

आता कागदांचं, इथं जास्त लिहिते कारण निम्मी माणसं इथंच चुकतात. आधी कागद जाऊ द्या, आईला घरी राहू द्या. आणि कागद म्हणजे नुसता रिपोर्ट नाही. बायोप्सीचा तुकडा लॅबवाले मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. काडीपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची जाळीदार चौकट असते, त्यात पांढरं मेण आणि मेणात तांदळाच्या दाण्यासारखा तुकडा, कडेला नंबर लिहिलेला. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात त्या स्लाईड्स. दुसऱ्या ठिकाणचा पॅथॉलॉजिस्ट हेच मागतो, कारण रिपोर्ट म्हणजे कुणीतरी बघून लिहिलेलं झालं, त्याला स्वतःला बघायचं असतं, आणि सगळा इलाज त्या बघण्यावर उभा असतो. तुमची फिश पण ह्याच ब्लॉकवर होणार. लॅबमध्ये सही करून ब्लॉक मिळतो, नंबरचा फोटो काढून घ्या, रिपोर्टवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकच आहे का तिथंच उभं राहून बघा. आणि ब्लॉक उन्हात ठेवू नका ओ! एक गृहस्थ मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवून सात रस्त्याला रसपान करत बसले होते, सोलापूरचा मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आणि शेवटी ते मेणच आहे. कापसात गुंडाळून डबीत घालायचं आणि डबी हँडबॅगेत.

बाकी स्कॅनची सीडी न्यायची, नुसता छापील रिपोर्ट नाही आणि फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो तर अजिबात नाही. लाल औषधाआधी हृदयाची टू-डी इको झाली असेल ती. आणि केमोचा चार्ट, म्हणजे कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेला, हा बहुतेक डिस्चार्ज कार्डावर असतो, नसेल तर केमो देणाऱ्या सिस्टरकडून लिहून घ्या. हे सगळं तारखेवार लावा. आणि वर एक कोरा कागद ठेवून त्याच्यावर तुमचे प्रश्न लिहा, दोन किंवा तीन, दहा नाहीत. "बरं होईल का" हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर कुणीच नीट देत नाही. त्याच्याऐवजी "हर-टूचा निकाल काय धरायचा आणि त्यानुसार राहिलेल्या केमोत बदल आहे का" असं विचारलंत तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो, हे मी बघितलेलं आहे.

जायचं कुठं? मामांना सांगा की मुंबईच्या आधी बार्शी लागते. आपल्या जिल्ह्यात, साधारण ७० किलोमीटरवर, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, त्यांचा टाटाशी जुना संबंध आहे, खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायचं देशातलं पहिलं काम १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झालं. सोलापूरकर मात्र बार्शी ओलांडून परळला जातात आणि तिथं फूटपाथवर बसतात. बार्शीत दाखवून, त्यांनी सांगितलं तर पुढं जा. दुसरा रस्ता ऑनलाईन आहे, टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे २०१२ पासून देशातली कॅन्सर हॉस्पिटलं एकत्र जोडलीत ते जाळं, यांच्याशी जोडलेली 'नव्या' (Navya) या नावाची सेवा आहे, रिपोर्ट अपलोड केले की तज्ज्ञांचं लेखी मत येतं. कारखान्यातल्या कुठल्याही पोराला सांगा, अर्ध्या तासात अपलोड करून देईल.

आणि जायचंच झालं तर दिवस मोजून जा. केमोनंतर दहाव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, त्या दिवसांत आईला जनरल डब्याच्या गर्दीत बसवू नका, तिसऱ्या आठवड्यात न्या. मध्येच १००.४ च्या वर ताप आला तर मुंबई राहू द्या, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पण बघू नका, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटल गाठा. आणि काहीही झालं तरी तिसऱ्या केमोची तारीख सोडू नका, ओपिनियन यायचं राहिलं तरी केमो द्यायचा, थांबायचं झालं तर ते डॉक्टर सांगतील, मामा नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री बसली की सकाळी मुंबईत, कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, रेल्वेचा ठरलेला फॉर्म डॉक्टरकडून सही-शिक्का करून घ्या. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर समितीचं रुग्णसेवा सदन, आधी फोन करून जागा विचारून जा. हॉस्पिटलच्या गेटवर कुणी "लवकर नंबर लावून देतो" म्हणाला तर त्याच्याकडं बघू पण नका.

योजनेचं म्हणाल तर दुसरीकडं कागद दाखवल्यानं फुले योजना बंद पडत नाही. ट्रीटमेंटच दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायची असेल तर ते हॉस्पिटल योजनेत आहे का आणि राहिलेल्या केमोची मंजुरी तिथं कशी घ्यायची हे आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारायचं, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मर्यादा आहे. आईचं बिडी कामगार म्हणून ओळखपत्र असेल तर ते पण ट्रंकेतून काढा, कामगार कल्याणाच्या योजनेत कॅन्सरच्या खर्चाची सोय आहे, लोकांना आठवतच नाही.

दोन्हीकडचं मत सारखंच आलं तर पैसे वाया गेले म्हणू नका. वेगळं आलं तर लगेच तिसरा गाठू नका, दुसऱ्याचं लेखी मत पहिल्यासमोर ठेवा आणि दोघांना फोनवर बोलायची विनंती करा, बऱ्याचदा फरक औषधांच्या क्रमाचा निघतो आणि आपल्याला वाटतं आभाळ कोसळलं.

राहिली आई. भाऊ, तिचे केस गेलेत ना? दिवसाला हजार बिड्या मोजून देणारी बाई आहे ती, तिला हिशेब कळत नाही असं समजू नका. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला केव्हाच सांगितलेलं असणार, आणि तुम्ही घाबराल म्हणून ती तुमच्यासमोर गप्प बसतीय. दुसऱ्या डॉक्टरकडं जाताना तिला विचारून जा, ब्लॉक तिचा, मत पण तिचं लागतं.

पत्र दुसरं

माझ्या मिस्टरांना गालाच्या आतून कॅन्सर झालाय, मावा खायचे. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. पण ओळखीच्यांनी एका गावातल्या माणसाचा पत्ता दिलाय, तो पुडी देतो आणि तीन महिन्यांत गाठ जिरते म्हणतात, खूप जणांना गुण आलाय. मिस्टर म्हणतात हे पण सेकंड ओपिनियनच आहे, आधी हे करून बघू, नाहीतर ऑपरेशन आहेच. काय करू?
– एक बहीण, पंढरपूर

ऑपरेशन आहेच, असं नसतं हो बाई. तोंडाच्या कॅन्सरमध्ये काढता येण्यासारखी गाठ आहे तोवरच ऑपरेशन असतं, तीन महिन्यांनी तोच सर्जन म्हणतो की आता जबड्यात आणि मानेत गेलंय, आता काढता येत नाही. अशी माणसं माझ्या टेबलासमोर बसून रडलीत आणि खिशात पुडी तशीच शिल्लक असायची. तोंड उघडेना झालं की भाकरीचा घास पण जात नाही, तेव्हा पुडी पण जात नाही.

सेकंड ओपिनियन त्याला म्हणायचं जो तुमची बायोप्सी बघतो, स्कॅन बघतो, तोंडात बोट घालून तपासतो आणि मग स्वतःच्या लेटरहेडवर आजाराचं नाव लिहून सही करतो. मिस्टरांना म्हणावं, त्या पुडीवाल्याकडून कागदावर एवढंच लिहून आणा की पुडीत काय आहे आणि तीन महिन्यांत गाठ गेली नाही तर जबाबदार कोण. लिहून दिलं तर मला फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापते.

खरंच दुसरं मत पाहिजे असेल, आणि जबडा किंवा गाल काढायचा म्हटल्यावर कुणालाही पाहिजेच, तर हेड अँड नेकचं ऑपरेशन करणाऱ्या दुसऱ्या सर्जनकडं आठवडाभरात जाऊन या, ऑपरेशनची तारीख न हलवता. त्याला विचारा जबड्याचं हाड किती जाईल, त्या जागी काय बसवणार, नंतर बोलणं-खाणं कसं होईल, रेडिएशन लागेल का. मिस्टर बहुतेक ऑपरेशनला नाही, चेहऱ्याला घाबरलेत. ऑपरेशन झालेल्या एखाद्या माणसाशी त्यांना दहा मिनिटं बोलायला मिळालं तर बघा, डॉक्टर अशी गाठ घालून देतात. मावा मात्र आजपासून बंद, त्याला कुणाचं ओपिनियन लागत नाही.

पत्र तिसरं

ताई, माझा भाऊ १९ वर्षांचा आहे. ताप जात नव्हता, अंगावर निळे डाग आले, तपासणीत अक्यूट ल्युकेमिया आलाय. डॉक्टर म्हणतात उद्याच ॲडमिट करा. पप्पा म्हणतात एवढी घाई का, आधी दोन-तीन ठिकाणी दाखवू. तुम्ही नेहमी दाखवा म्हणता ना?
– एक मुलगी, जुळे सोलापूर

बाळा, म्हणते, पण इथं नाही. ब्रेस्ट, पोट, तोंड अशा गाठींच्या कॅन्सरमध्ये कागद फिरवायला बहुतेक आठवडा-दोन आठवडे मिळतात, अक्यूट ल्युकेमियात दिवस मोजतात. निळे डाग म्हणजे प्लेटलेट कमी झाल्यात, कुठं आत रक्तस्राव झाला तर दुसरं ओपिनियन घ्यायला माणूस राहायला पाहिजे ना. रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर आणि रक्तपेढी जिथं आहे तिथं भरती करायचं, इलाज चालू करायचा, आणि बोन मॅरोच्या स्लाईड्स आणि रिपोर्ट मागून दुसरीकडं पाठवायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालतं. आणि केमो चालू व्हायच्या आधी डॉक्टरांना, पुढं मूल व्हायला अडचण नको म्हणून वीर्य साठवून ठेवायचं का, ते विचार. मुलगा १९ चा आहे, घरात कुणी हे तोंडानं बोलणार नाही, आणि एकदा केमो चालू झाला की ते राहून जातं, म्हणून तूच विचार, लाजू नको.

हिच्या पप्पांशी मी त्याच संध्याकाळी बोलले. आधी रागावले, मग म्हणाले ठीक आहे. पोरगं दुसऱ्या दिवशी ॲडमिट झालं, आणि स्लाईड्सची डबी घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वरनं काका मुंबईला गेले.